राखेत सापडलेली कडी

माझ्या खोलीत मनात संशय न घेता कोणी आलंच असेल, तर ती तान्ही बाळं. बाकी सगळे आधी मशीनकडे बघायचे, मग माझ्याकडे आणि मग दाराकडे. पाठवणाऱ्या डॉक्टरचं आणि हिचं काय साटंलोटं आहे? मशीन जुनं तर नाही? पडद्यावर धडधडतंय ते खरंच आपलं, की सगळ्यांना एकच फिल्म दाखवतात? एका गृहस्थांनी तर पडद्यावरचं हृदय थांबतं का बघायला मुद्दाम श्वास रोखून धरला होता. ते थांबलं नाही म्हटल्यावर त्यांचा संशय पक्का झाला. "बघा, मी श्वास घेत नाहीये तरी हे चालूच आहे!" मी म्हटलं, "काका, ते थांबलं असतं तर हे सांगायला तुम्ही उरला असता का?"

पण त्यांना नावं ठेवणारी मी कोण? मी स्वतः मुळातलीच संशयी. माझे वडील भिवंडीच्या एका शाळेत गणित शिकवायचे. उत्तर चुकलं तर ते रागवत नसत, पण बरोबर आलं की शेजारी कोण बसलं होतं ते आधी विचारत. तो गुण माझ्यात जसाच्या तसा उतरला. पुढे मी डॉक्टर झाले आणि भिवंडीत हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करायला बसले. हा धंदा माझ्या स्वभावाला असा मानवला की गेल्या वर्षी खोलीला कुलूप लावताना मला रडू आलं, आणि कुलूप नीट लागलंय का म्हणून मी दोनदा जिना चढून बघून आले.

इको म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. छातीवर गार जेल लावून बरगड्यांच्या फटीतून आवाज आत सोडायचा. तो आपल्या कानाला ऐकू येत नाही. आतल्या वस्तूंवर आपटून तो परत येतो आणि त्यावरून मशीन पडद्यावर चित्र काढतं. मांस करडं दिसतं, रक्त काळं. जिथे चुना, म्हणजे कॅल्शियम, साचलेला असतो तिथे पांढरं लख्ख दिसतं आणि त्याच्या मागे काळी सावली पडते, कारण आवाज त्याच्या पलीकडे जाऊच शकत नाही. बघणाऱ्याने त्या सावलीवरही विश्वास ठेवायचा नसतो. कोन बदलायचा, पुन्हा बघायचं, पेशंटला कुशीवर वळवायचं आणि आणखी एकदा बघायचं.

सरकारचाही माझ्यावर संशय होताच. ज्या यंत्राने हृदय दिसतं त्याने पोटातलं बाळही दिसू शकतं, म्हणून हे मशीन नोंदलेल्या खोलीच्या बाहेर न्यायला कायद्याने बंदी. दारावर ठळक पाटी: इथे मुलगा की मुलगी ते सांगितलं जात नाही. तरी एक सासूबाई सुनेच्या छातीची तपासणी चालू असताना माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "डॉक्टर, आता लावलंच आहे तर जरा खाली सरकवा ना." मी त्यांना बाहेर काढलं आणि सुनेला विचारलं, "धाप लागते म्हणून आलीस ना?" ती म्हणाली, "न्हाय मॅडम. धाप लागते असं बोल, असं त्यांनी सांगितलेलं."

आता माझ्या आवडत्या भागाकडे येते.

हृदयात हाड नसतं, पण सांगाडा असतो. हे ऐकलं की पेशंट हमखास माझ्याकडे बघून हसायचे. हृदयाला चार दरवाजे. प्रत्येक दरवाज्याभोवती पांढऱ्या चिवट धाग्यांची एक गोल चौकट. मटण साफ करताना सुरीला दाद न देणारं जे पांढरं असतं, त्याच जातीचं. या चारही चौकटी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात आणि मधोमध त्यांची एक जाड गाठ असते. झडपा या चौकटींवर टांगलेल्या. वरच्या कप्प्यांचं मांस चौकटीला वरून चिकटलेलं, खालच्या कप्प्यांचं खालून. हृदय जन्मभर उघडमीट करतं आणि तरी फाकत नाही, ते या चौकटींमुळे. बैलाच्या आणि म्हशीच्या हृदयात तर त्या गाठीत खरंखुरं हाड तयार होतं. माणसाची मजल तिथवर जात नाही, पण म्हातारपणी काहींच्या चौकटीत चुना साचतो.

या सांगाड्याचं दुसरं काम मला त्याहून मोठं वाटतं. हृदय विजेवर चालतं. वीज वरच्या मजल्यावर तयार होते आणि खालच्या मजल्याला द्यावी लागते. पण मधल्या या चौकटीतून वीज जातच नाही. त्या जाड गाठीतून एक बारीक वायर आरपार गेलेली असते, तेवढीच काय ती वाट. भिवंडीत हे समजावायला मला कधी कष्ट पडले नाहीत. मी म्हणायची, "वर मीटर, खाली कारखाना, आणि मध्ये एकच अधिकृत वायर. आकडा टाकायची सोय नाही." सगळे लगेच मान डोलवायचे.

एकदा मात्र आकडा टाकलेलाही सापडला. इस्लामपुऱ्याच्या बाजूने एक विणकर यायचा, उत्तरेकडचा, सडपातळ, नुकतं लग्न झालेला. लूमवर उभा असताना एकदम त्याची छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि तो मटकन खाली बसायचा. दवाखान्यात येईपर्यंत सगळं शांत. त्याचा शेठ स्वतः त्याला घेऊन आला, काळजीने नव्हे, पकडून आणल्यासारखा. "मॅडम, ये नाटक करता है. रात की शिफ्ट आई कि इसका दिल धडकता है. आप लिख के दो कि कुछ नहीं है." पोरगा मान खाली घालून म्हणाला, "डाक्टर साहिबा, कसम से, अंदर दूसरी लूम चलने लगती है."

इकोत काही दिसलं नाही. दुसरी कोणी असती तर शेठला हवं ते लिहून मोकळी झाली असती. पण शेठ फारच खात्रीने बोलत होता, आणि खात्रीने बोलणाऱ्यांचा मला भारी संशय. ईसीजी काढला. प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीला एक तिरका चढ होता. म्हणजे ठरल्या वेळेच्या थोडी आधीच वीज खाली पोचत होती. जन्मापासून त्याच्या चौकटीत एका जागी मांसाचा बारीक धागा राहून गेला होता आणि त्यातून चोरटी वीज खाली उतरत होती. मी शेठला म्हटलं, "नाटक हा नाही करत, याच्या हृदयात आकडा टाकलेला आहे." शेठ गंभीर झाला. विजेच्या चोरीबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती असावी. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात मांडीच्या शिरेतून तार घालून तो धागा जाळला. नंतर पोरगा पेढे घेऊन आला. मी एक त्याला आधी खायला लावला. सवय, दुसरं काय!

एवढं सगळं सांगितलं ते बाळारामशेठसाठी.

भिवंडीजवळच्या कोन गावाच्या पुढे त्यांची गोदामं. पूर्वी तिथे भाताची शेती होती. माणूस रुबाबदार, पांढरे कपडे, गळ्यात जाड चेन. गोदामात उभ्या उभ्या दोनदा बेशुद्ध पडले म्हणून त्यांना सुनेनं माझ्याकडे आणलं. सून मनीषा, नगरकडची. प्रशांतनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, तिच्याशी स्वतःच्या पसंतीने लग्न केलेलं. घरात तिला सगळे "घाटावरची" म्हणत. ती तपासणीच्या वेळी कोपऱ्यात उभी राहून त्यांचा शर्ट हातात नीट घडी करून धरत होती, हे मला आठवतं.

पडद्यावर डाव्या बाजूच्या मोठ्या झडपेची चौकट लख्ख पांढरी. अर्धगोल, जाड, आणि मागे काळीकुट्ट सावली. चुना मधल्या गाठीपर्यंत सरकला होता. ईसीजीत मधेच एखादा ठोका गायब. वरून वीज निघत होती आणि वाटेतल्या चुन्यात अडकत होती. निदान सरळ होतं. मी सांगितलं, "शेठ, ठाण्याला जा. पेसमेकर बसवावा लागेल. वायर दबली आहे, कधी पूर्ण तुटेल सांगता येत नाही."

शेठनी सुनेला बाहेर पाठवलं. मग माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "डाक्टरीन बाय, खरा सांगा. त्या बॅटरीचा रिमोट कोनाच्या हातान ऱ्हातो?"

"रिमोट नसतो हो!"

"तुमी बोलाल तसा. पन आज प्रत्येक मशीनीला रिमोट हाय. माझ्या गोदामाच्या शटरला हाय." आणि त्यांनी डोळ्यांनी दाराकडे खूण केली.

मी चिडले, समजावलं, चित्र काढून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, हात जोडले, आणि ठाण्याऐवजी अकलोलीला जाऊन गरम पाण्याच्या कुंडात आंघोळी करून आले. बरं वाटतंय असं मनीषाने फोनवर कळवलं. "मॅडम, तुम्ही एकदा यांना परत सांगा ना. माझं ऐकत नाहीत, उलट मी मागे लागले की त्यांना जास्तच शंका येते." मी फोनवर शेठशी बोलले. ते म्हणाले, "दिवाली होऊन जाव द्या." दिवाळीच्या आतच ते दुपारी जेवून झोपाळ्यावर बसले आणि तिथेच गेले. मला फार वाईट वाटलं. राग त्याहून जास्त आला.

पाचव्या दिवशी दुपारी माझ्या जिन्यावर बरीच पावलं वाजली. पुढे शेठची थोरली बहीण, अनुसया आत्या. अकलोलीच्या बाजूला दिलेली, मधुमेह आणि ब्लडप्रेशर दोन्ही असलेली, आणि आवाज असा की खालचा पानवाला वर बघेल. मागे प्रशांत. त्याच्या मागे मनीषा, डोळे सुजलेले. आणि सगळ्यांत शेवटी शेठची बायको हिराबाई, डोक्यावरून पदर ओढलेला, कपाळ मोकळं. बाहेर बाकावर नंबर लावून बसलेल्या बायका कुजबुजल्या. दहावा झाला नाही आणि विधवा बाई घराबाहेर?

प्रशांतनंच खालमानेनं सांगितलं. ते सगळे अकलोलीकडच्या एका भगताकडे निघाले होते. भगतानं घरातल्या दोन्ही बायकांना समोर आणायला सांगितलं होतं. सुतकात देवळाची पायरी चढत नाहीत, पण भगताकडे जायला चालतं, असा काहीतरी हिशोब असावा. वाटेत प्रशांत कसाबसा म्हणाला होता की एकदा डॉक्टरला दाखवू.

"काय दाखवू?" मी विचारलं.

आत्यानं कमरेची पिशवी सोडली आणि पांढऱ्या फडक्याची गाठ उकलली. "तिसऱ्या दिवशी राख सावडली, तवा छातीच्या जागेवर ह्या गावलं. हाडां सगली खाडीन सोडली, ह्या मी ठेवलं. तुमी त्याच्या छातीन बगलंतं ना? मग बोला, ह्या काय हाय?"

फडक्यात एक अर्धगोल कडी होती. राखाडी पांढरी, खडबडीत, बाळाच्या हातातलं बिंदलं मोडून अर्धं उरावं तेवढी. मी ती उचलली. आयुष्यभर जी गोष्ट फक्त पडद्यावर लख्ख रेघ म्हणून पाहिली, ती माझ्या तळहातावर होती. तिला वजन होतं. मांस जळून गेलं, झडपा जळून गेल्या आणि चुन्याची चौकट तेवढी चितेला पुरून उरली होती. मला एकदम बाळारामशेठ आठवले, शटरचा रिमोट सांगणारे.

"ही शेठच्या हृदयातली चौकट आहे," मी म्हटलं.

"काळजान कडी कशी येल?" आत्या गरजली. "भगत बोलला, घरातल्या बायनं चारलंय. परमुलखातल्या बायनं. गोल्या कोन द्यायची? काडा कोन द्यायची?" तिचं बोट मनीषावर होतं. "दहाव्याला सगले भाऊबंद जमतील. त्यांच्यासमोर हिला माहेरा लावायची. पोर हतंच ऱ्हाईल. आमच्या रक्ताची पोर हिच्या हातान न्हाय देवाची."

मनीषाची मुलगी चार वर्षांची. शेजारणीकडे ठेवून आले होते तिला. मनीषाने भिंतीला हात टेकला. खोटं कशाला सांगू, गोळ्या कोण देत होतं हा प्रश्न माझ्याही मनाला चाटून गेला. पण वस्तू माझ्या हातात होती, आणि तिच्यात शंकेला जागा नव्हती.

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. चार दरवाजे, चौकटी, चुना, दबलेली वायर. शेठना सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही, हेही सांगितलं. आत्या डोळे बारीक करून ऐकत होती.

"म्हंजे तुमी बगलं तवाच ह्या आत व्हतं?"

"होतं. कित्येक वर्षांपासून साचत आलेलं होतं."

"बगा!" ती प्रशांतकडे वळली. "म्हंजे लगीन होऊन आली तवापासून चारतेय!"

मी कपाळावर हात मारला. मग मला वाटलं, बोलून उपयोग नाही, दाखवावं. मशीन त्यांच्या घरी नेता आलं नसतं, पण माणसं तर माझ्या खोलीत आली होती. आत्याचं वय बघितलं, तिचा मधुमेह, ब्लडप्रेशर आठवलं, आणि मला एक संशय आला. आयुष्यभर ज्याच्यावर पोट भरलं, तसला.

"आत्या, तुम्ही झोपा. डाव्या कुशीवर."

"मी कला? मना काय झालंय?"

"फुकट बघते."

ती झोपली. जेल लागल्यावर "आयव, गार!" म्हणून ओरडली. मी फट शोधली, कोन लावला, आणि पडद्यावर आलं ते अगदी भावासारखं. डाव्या झडपेच्या चौकटीत पांढरी कोर, लहान, पण लख्ख. मागे सावली. वायरीपासून अजून बरीच दूर होती, तेवढं बरं. मी हिराबाईंना, मनीषाला आणि प्रशांतला दारातून आत बोलावलं, आत्याच्या अंगावर चादर टाकली, पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि विजयी स्वरात म्हटलं, "ही बघा. भावाच्या छातीत होती तीच कडी बहिणीच्या छातीत. वयाने होतं हे. आता सांगा, तुम्हाला कोणी चारली?"

आत्या पडद्याकडे बघत राहिली. मग ताडकन उठून बसली, चादर छातीशी धरून.

"आयव! म्हंजे हिनं मनापन चारलान!"

इतकी वर्षं माणसं माझ्या रिपोर्टाचे नाना अर्थ काढत आली, पण माझ्या निदानाचा असा पुरावा कोणी केला नव्हता. बाहेरच्या बाकावरच्या बायका दाराशी आल्या. आत्या तार स्वरात सुरू झाली: आधी भाऊ घेतला, आता बहीण घेणार, मग घर घेणार. मनीषा खाली बसली. "मी काही नाही केलं हो, काही नाही केलं," एवढंच ती म्हणत होती, आणि ते माझ्याकडे बघून म्हणत होती, कारण मीच हा घोटाळा करून ठेवला होता. प्रशांत दाराशी उभा होता. तो त्या बायकांना मागे सरकायला सांगत होता.

तेवढ्यात हिराबाईंनी पायातल्या चपला काढल्या आणि त्या पलंगाशी आल्या.

"उतरा वन्सं," त्या म्हणाल्या. पाच दिवसांत त्या पहिल्यांदा बोलल्या असाव्यात, आवाज घोगरा होता. "डाक्टरीन बाय, माझी बगा."

मी थांबले. त्यांच्या डोक्यात काय होतं ते मला कळलं, आणि म्हणूनच हात पुढे होईना. हिराबाईंचं वयही साठीच्या वरचं. त्यांच्या चौकटीतही चुना असू शकत होता, नव्हे, असण्याचा बराच संभव होता. तो निघाला तर मनीषाचं काही खरं नव्हतं. एका घरात तीन कड्या म्हटल्यावर भगताची गरजच उरली नसती. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "हिराबाई, राहू द्या. काय निघेल सांगता येत नाही."

"बगा तुमी," त्या म्हणाल्या.

त्यांच्या गळ्याभोवती मंगळसूत्राच्या जागी त्वचेवर फिकी रेघ उरली होती. मी जेल लावलं. पहिल्या कोनातून काहीतरी पांढरं चमकलं. कोन बदलला. फुफ्फुसाच्या कडेची चमक होती ती, गेली. पुन्हा बघितलं. बाजूने, खालून, कुशीवर वळवून. मी इतकं संशयाने कोणाचंच हृदय पाहिलं नसेल. करडी, स्वच्छ चौकट. झडपेची दोन्ही दारं लवलवत उघडत होती, मिटत होती. चुन्याचा कण नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "एकदम स्वच्छ."

हिराबाई उठून बसल्या. पदर सारखा केला. मग नणंदेकडे वळल्या.

"वन्सं, तुमी आमच्या घरान पानी तरी पिता काय? ही आली तवापासून तुमी आपला डबा घेऊन येता. घाटावरचीच्या हातचा नको बोलता. तिच्या हातचा एक घास तुमच्या पोटान गेला न्हाय. आन मी? सकाल-संध्याकाल हिच्या हातचा खाते. ती वाडते, मी जेवते. एकाच टोपातला भात. चारायचीच व्हती तर पयली माझ्या छातीन गावली असती. तुमच्या छातीन कशी आली? सांगा ना, कशी आली?"

आत्यानं मशीनकडे मान वळवली.

"मशीन खोटी आसंल," ती शेवटी म्हणाली.

"मशीन खोटी तर तुमच्यातली कडीपन खोटी. मग भगताला काय दाखवाल?"

दारातल्या बायकांतली एक फसकन हसली. आत्या खुर्चीत बसली. तिने माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज बाईमाणसाएवढा आला. "डाक्टरीन बाय, मग माझा काय होल? भावासारका होल?" भीतीनं तिचा चेहरा लहान झाला होता. मला तिची दया आली, यायला नको होती तरी आली. मी सांगितलं की लगेच काही होणार नाही, साखर सांभाळा, दर वर्षी येऊन दाखवा, चक्कर आली तर लपवू नका. ती मान हलवत राहिली. मनीषाकडे मात्र तिनं पाहिलं नाही. माफी वगैरे काही नाही. तशी ती मागेल असं मला वाटलंही नव्हतं.

हिराबाईंनी माझ्या टेबलावरची कडी उचलली, फडक्यात बांधली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. "खाडीन सोडते. त्याची त्याला जाव दे." मग त्यांनी मनीषाला दंडाला धरून उठवलं.

प्रशांत पुढे झाला. हातात गाडीची चावी. "चल, घरी जाऊ," तो मनीषाला म्हणाला. "झालं ना आता सगळं. भगताकडे नाही जायचं."

मनीषानं डोळे पुसले आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "तुला काय वाटत होतं रे? एवढे दिवस?"

"मला कुठं काय वाटत होतं? मी कधी काय बोललो का तुला?"

"नाही ना बोललास," ती म्हणाली. "आत्या निदान बोलल्या तरी."

सासू-सून जिना उतरल्या. मी खिडकीतून बघितलं. हिराबाईंनी रिक्षा थांबवली, सुनेला आधी आत बसवलं आणि स्वतः कडेला बसल्या. आत्या धापा टाकत खाली जाऊन प्रशांतच्या गाडीपाशी उभी राहिली, दार उघडायची वाट बघत. प्रशांत अजून माझ्या खोलीतच होता. तिशीतला गडी, गोदामांचा मालक, आणि शाळेत उभं केल्यासारखा.

"मॅडम, आता मी काय करू?"

मला राग आला, म्हणून मी सरळच सांगितलं. "आत्याला त्यांच्या घरी सोड. मग घरी कोनला जा, आणि दहाव्याला भाऊबंद जमले की त्यांच्यासमोर मोठ्यानं बोल, की मनीषानं काही केलेलं नाही. बायको जेवायला वाढत असेल तेव्हा बोल, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल."

"बोलतो," तो म्हणाला.

दहाव्याला काही भांडण झालं नाही आणि मनीषा घरातच आहे, एवढं मला पुढे हिराबाईंकडून कळलं. प्रशांतबद्दल मी विचारलं, तर त्या नुसत्या हसल्या. तो बोलला असेल, याची मला आजही शंका आहे.